‘गोळी उरलीये का गं?’

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलवर एकीला शिंक येते आणि दोन दिवसांत अख्खा मजला खोकायला लागतो. मग दारोदार एकच प्रश्न फिरतो, ‘अँटिबायोटिकची गोळी उरलीये का गं?’ माझ्या रूममेटला ताप आला तेव्हा माझ्याकडे दोन होत्या. मीच दिल्या. चौथ्या दिवशी एक जिना चढताना तिला धाप लागली. एक्स-रे काढला, तर न्यूमोनिया! ‘आधी गोळ्या कुणी दिल्या?’ डॉक्टरांनी विचारलं आणि मी खाली बघत बसले.

तेव्हा कळलेलं तुम्हालाही सांगते. सर्दी-खोकला, घसादुखी बहुतेक वेळा व्हायरसमुळे होते. अँटिबायोटिक मारतं बॅक्टेरियांना; व्हायरसवर ते ढिम्म चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून ते लागतंच असंही नाही. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते, श्रेय मात्र गोळी घेऊन जाते! न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागू शकतं, पण कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टर तपासून ठरवतात. उगाच घेतलेल्या गोळ्यांमुळे बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच, नोबेलच्या भाषणात, हा धोका सांगितला होता. स्ट्रिपवरची उभी लाल रेघही हेच सांगते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

मग करायचं काय? आराम, भरपूर पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तापाला पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात. पण धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ताप तीन दिवसांवर गेला किंवा उतरून पुन्हा चढला, तर लेक्चर सोडा आणि डॉक्टर गाठा. दमा असेल तर थांबूच नका. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आणि मुळात आजार पसरूच नये म्हणून? शिंक कोपरात, हात साबणाने २० सेकंद, खोलीची खिडकी उघडी. आजारी असताना बाहेर पडावंच लागलं तर मास्क. आणि पाच जणींत एक पाण्याची बाटली? प्लीज, नको!

रूममेट आता ठणठणीत आहे. परवा शेजारच्या खोलीतून पुन्हा तोच प्रश्न आला. ती म्हणाली, ‘गोळी नाहीये. थर्मामीटर आहे, देऊ?’