विश्लेषण : अत्याचारी पाद्र्यांपुढे हतबल, महिला पाद्र्यांवर मात्र कारवाई! अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांसमोर पेच काय?

अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय असलेल्या ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ची सदस्यसंख्या २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होती. २०२४ मध्ये ती १ कोटी २७ लाखांवर आली. पण या संघटनेपुढचा पेच निव्वळ संख्येचा नाही. लैंगिक अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांबाबत ‘आमच्या हातात काही नाही’ असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या याच संघटनेने, महिलांना पाद्री केले म्हणून आपले एक अतिविशाल चर्च बाहेर काढले. हे कसे घडले?

संघटना चालते कशी?

बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात श्रद्धा जाहीर केल्यावर पूर्ण पाण्यात बुडवून तो दिला जातो. मराठीला हा पंथ परका नाही. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम कॅरी हे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरीच. ‘सदर्न’ शाखा मात्र अमेरिकेतली. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवावे का, या वादातून दक्षिणेतील बॅप्टिस्ट १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे वेगळे झाले. वंशवादातील सहभागाबद्दल संघटनेने माफी मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

येथे पोप नाही, बिशपही नाही. सुमारे ४७ हजार चर्च आहेत आणि प्रत्येक चर्च स्वायत्त आहे. इमारत त्यांची, पाद्री नेमायचा-काढायचा अधिकारही त्यांचाच. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या महासंघासारखी ही रचना समजता येईल. प्रत्येक चर्च आपल्या वर्गणीतील काही हिस्सा स्वेच्छेने ‘कोऑपरेटिव्ह प्रोग्राम’ या सामायिक निधीत देते. त्यातून मिशनरी आणि धर्मशिक्षणाच्या सहा संस्था पोसल्या जातात. दर जूनमध्ये चर्चचे प्रतिनिधी अधिवेशनात मतदान करतात. संघटना एखाद्या पाद्र्याला पदावरून हटवू शकत नाही. चर्चला मात्र बाहेर काढू शकते.

यादी होती, पण लपवलेली...

‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘सॅन अँटोनियो एक्स्प्रेस-न्यूज’ या दैनिकांनी २०१९ मध्ये दिलेल्या मालिकेने संघटना हादरली. २० वर्षांत सुमारे ३८० पाद्री, पदाधिकारी व स्वयंसेवकांवर आरोप झाले होते आणि पीडितांची संख्या ७०० हून अधिक होती. आरोप झालेला पाद्री एक चर्च सोडून दुसऱ्या गावात रुजू होई आणि तिथे कुणाला काही कळत नसे.

अशा पाद्र्यांची सार्वजनिक नोंद ठेवा, ही पीडितांची मागणी जुनीच होती. २००८ मध्ये ती फेटाळली गेली. कारण सांगितले स्वायत्ततेचे. मे २०२२ मध्ये ‘गाइडपोस्ट सोल्युशन्स’ या त्रयस्थ संस्थेचा अहवाल आला आणि भलतेच उघड झाले. कार्यकारी समितीचे कर्मचारी याच काळात स्वतः आरोपींची यादी करत होते. तीत ७०० हून अधिक नावे होती.

स्वायत्ततेची सबब तपासून पाहायला हवी. समलैंगिकतेला मान्यता दिल्याबद्दल १९९२ मध्येच नॉर्थ कॅरोलिनातील दोन चर्च काढली गेली होती. म्हणजे दरवाजा दाखवण्याची सोय तेव्हाही होती. अत्याचाराचा गुन्हा सिद्ध झालेल्यांना पाद्रीपदी ठेवणाऱ्या दोन चर्चवर ती वापरली गेली २०२१ मध्ये.

अहवालानंतर जून २०२२ च्या अधिवेशनाने ऑनलाइन नोंदवही करण्याचा ठराव केला. २०२५ च्या सुरुवातीला मात्र हे काम सध्या अग्रक्रमावर नसल्याचे कार्यकारी समितीकडून सांगण्यात आले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२२ मध्ये सुरू केलेली चौकशीही मार्च २०२५ मध्ये बंद झाली.

महिला पाद्र्यांचा वाद कशासाठी?

पाद्रीपद पुरुषांपुरतेच, असे संघटनेच्या २००० सालच्या श्रद्धा-निवेदनात लिहिलेले आहे. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच वर्षी संघटनेशी नाते तोडले. कॅलिफोर्नियातील ‘सॅडलबॅक’ चर्चने २०२१ मध्ये तीन महिलांना पाद्रीपदाची दीक्षा दिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची हकालपट्टी झाली. संस्थापक रिक वॉरेन यांनी न्यू ऑर्लीन्सच्या अधिवेशनात अपील केले. सुमारे ८८ टक्के प्रतिनिधींनी हकालपट्टी कायम ठेवली.

ही बंदी थेट घटनेत घालण्यासाठी सलग दोन अधिवेशनांत दोन तृतीयांश मते लागतात. २०२३ मध्ये ती मिळाली. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला आणि २०२५ मध्ये डॅलसला मात्र गाडी ६१ टक्क्यांच्या आसपास अडली. विरोधात मत देणारे सगळेच महिला पाद्र्यांचे समर्थक होते असे नाही. सध्याचे नियम पुरेसे आहेत, घटना बदलून आणखी चर्च कशाला दुरावायची, असाही सूर होता. सॅडलबॅक घटनादुरुस्तीविनाच बाहेर गेले, हे त्यांचे बिनतोड उदाहरण.

पैसा आणि माणसे

चौकशी आणि खटल्यांवर कार्यकारी समितीचे १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक खर्च झाले. गंगाजळी आटली, नॅशव्हिलचे मुख्यालय विकायला काढावे लागले. डॅलसच्या अधिवेशनात कायदेशीर खर्चासाठी आणखी ३० लाख डॉलर सामायिक निधीतून मंजूर झाले. तो निधी स्वेच्छेचा असल्याने नाराज चर्चला बाहेर पडायचीही गरज नाही. हिस्सा कमी केला तरी पुरते.

सदस्यसंख्येचा आकडा मात्र जपून वाचावा. वारलेल्या, गाव सोडून गेलेल्या लोकांची नावे नोंदवहीत वर्षानुवर्षे राहतात. २०२४ मध्ये दर आठवड्याच्या प्रार्थनेला सरासरी ४३ लाख लोक हजर होते, म्हणजे कागदावरच्या सदस्यांच्या साधारण एक तृतीयांश. ही उपस्थिती आदल्या वर्षापेक्षा वाढली. बाप्तिस्म्यांची संख्याही अडीच लाखांवर गेली. सदस्य घटताना बाके भरत आहेत, आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला आपल्या पाद्र्याचा पूर्वेतिहास एका ठिकाणी पाहता येईल, अशी नोंदवही संघटनेने २०२५ च्या डॅलस अधिवेशनापर्यंत खुली केलेली नव्हती.