अनोळखी टॅगचा एरर दाबू नका, टॅग जाहीर करा

कॉमेंटमध्ये @टूडूसारखा मनाचा टॅग दिसला की जेडीके ८ पासून जावाडॉक ‘अननोन टॅग’ म्हणत अडून बसतो. बरेच जण मग डॉकलिंट ही तपासणीच बंद करून मोकळे होतात. हा रोगापेक्षा जालीम इलाज झाला, कारण तिच्याबरोबर बिघडलेलं एचटीएमएल आणि राहून गेलेल्या कॉमेंट पकडण्याची सोयही जाते. त्यापेक्षा ‘-टॅग’ हा पर्याय वापरून टॅग रीतसर जाहीर करावा. त्यात कोलनने तोडलेले तीन भाग असतात: नाव, जागा, मथळा. जागेसाठी एकेक अक्षर: एम म्हणजे मेथड, एफ म्हणजे फील्ड, ए म्हणजे सगळीकडे. मोठा एक्स टाकला की टॅग छापला जात नाही; टीमपुरत्या नोंदींसाठी ही तर चैनच!

‘साध्या वाक्यात लिहिलं की झालं, टॅग कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण खुद्द जेडीकेच्या लेखकांनी जेडीके ८ मध्ये @एपीआयनोट, @इम्प्लस्पेक आणि @इम्प्लनोट याच वाटेने आणले. इंटरफेसमधली डीफॉल्ट मेथड नेमकं काय करते हे @इम्प्लस्पेकखाली वेगळं दिसतं. साध्या परिच्छेदात ते मेथडच्या करारातल्या अटींमध्ये मिसळून गेलं असतं. उद्या जावाने त्याच नावाचा टॅग आणला तर? ही शंका रास्त आहे. म्हणूनच नावात टिंब घालून कंपनीचं नाव जोडायची शिफारस आहे. टॅगच्या मजकुरावर प्रक्रिया हवी असेल तर मात्र टॅगलेट, म्हणजे टॅग हाताळणारा छोटा जावा प्रोग्राम, लिहावा लागतो. आणि हे पर्याय बिल्ड फाइलमध्येच ठेवा, नाहीतर सहकाऱ्याच्या मशीनवर तोच एरर पुन्हा उभा राहील.