न दाबलेला फ्लश

रात्री दोन वाजता संडासात कुणी नाही, आणि फ्लशची टाकी आपली आपण भरायला लागते. सुर्रर्र... दहा सेकंद, की पुन्हा गप्प. हातकणंगल्यात आत्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा या आवाजानं मी तासाभरात दोनदा उठलो. आत्या कूस बदलत म्हणाली, "झोप रं, ते रोजचंच हाय. गळत कुठं न्हाई, फरशी बघ की, कोरडी ठणठणीत!"

फरशी कोरडी, हीच तर गंमत! पाणी बाहेर येतच नाही. टाकीतून गुपचूप भांड्यात, भांड्यातून थेट गटारात. मग चोर पकडायचा कसा? जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाकीत टाकायचा आणि अर्धा तास फ्लशला हात लावायचा नाही. भांड्यात रंग उतरला, की चोरी सिद्ध. (हळदीची सांगली शेजारी म्हणून हळद टाकायला जाऊ नका. ती पाण्यात विरघळत नाही, तळाला जाऊन बसते.)

आता टाकीचं झाकण काढा आणि आत बघा. तळाला वाटीच्या तोंडाएवढं भोक, त्यावर रबराची एक चकती, म्हणजे वॉशर. तिला ना कडी, ना कुलूप. मग एवढं पाणी अडवून कोण धरतं? पाणीच! चकती सहा सेंटिमीटर रुंद आणि तिच्यावर वीस सेंटिमीटर पाणी असलं, तर अर्ध्या किलोच्या आसपास ओझं तिला खाली दाबून बसतं. म्हणजे ज्याला पळायचंय, तोच दाराला आतून पाठ लावून उभा! बटण दाबलं की चकती उचलली जाते, टाकी रिकामी होते, चकती पुन्हा भोकावर बसते. नवं पाणी येतं आणि लगेच पहाऱ्याला लागतं.

पण या पहाऱ्याची एक अट आहे. चकती सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. बोअरच्या पाण्यातले क्षार कडेला बसले, रबर कडक झालं, वाळूचा एक कण अडकला, की केसाएवढी फट पडते. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्याही रबराचे हाल करतात.

केसाएवढ्या फटीतून जाऊन जाणार किती? मी टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकीत आतून पेन्सिलीची रेघ मारली. तासाभरात पाणी एक सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण पस्तीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद. म्हणजे अर्धा लिटर गेलं. दिवसाला बारा लिटर! आत्याच्या घरातून रोज एक घागर जात होती, आणि फरशी कोरडी.

रेघेचा आणखी एक उपयोग. कॉक बंद असताना पाणी उतरत राहिलं, तर दोष वॉशरचा. उतरलं नाही, पण कॉक सोडल्यावर पाणी आतल्या उभ्या ओव्हरफ्लो पाईपच्या तोंडावरून वाहायला लागलं, तर टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट बिघडलाय.

जुन्या साखळीच्या लोखंडी टाक्या आठवतात? त्यांत तळाला वॉशरच नसायचा. साखळी ओढून सोडली की आतली लोखंडी घंटा थोडं पाणी पाईपच्या तोंडावरून पलीकडे ढकलायची, आणि तेवढं पाणी मागच्या सगळ्या पाण्याला ओढून न्यायचं. तेच सायफन! तळाला दारच नाही, तर गळणार कुठून? १८९८ साली अल्बर्ट गिब्लिन या इंग्रजानं सायफनच्याच एका टाकीचं पेटंट घेतलं होतं. ब्रिटननं तर पाणी वाया जाऊ नये म्हणून वॉशरच्या टाक्यांना २००१ पर्यंत परवानगीच दिली नव्हती. आपण मात्र बटणाच्या सोयीपुढे साखळी विसरलो. मला तो सौदा फारसा पटलेला नाही.

सकाळी मी टाकीतला व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला. वॉशरच्या कडेला क्षारांचा पांढरा थर. लिंबू चोळून तो काढला, वॉशर उलटा करून बसवला. रात्री आवाज नाही. आत्या म्हणाली, "आज झोप लागंना बघ मला!"

उलटा केलेला वॉशर काही महिनेच चालतो, मग नवा आणावाच लागतो. दुकानात जाताना जुना खिशात घालून न्या. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.