एसीतून गळणारे पाणी
नातेपुत्यासारख्या पर्जन्यछायेतील गावी वैशाखाच्या कोरड्या उन्हात जो एसी बिनतक्रार चालतो, त्यातूनच माउलींच्या पालखीच्या सुमारास, हवेत आर्द्रता वाढताच, भिंतीवरून पाणी गळू लागते. कारण थंड कॉइलवर बाष्पाचे जे पाणी होते, ते वाहून नेणारा ड्रेन पाइप उन्हाळ्यातील धुळीने आधीच तुंबलेला असतो. प्रथम वीज बंद करून फिल्टर धुवावा, पाइप साफ करावा आणि त्याचा उतार बाहेरच्या दिशेने अखंड आहे, याची खातरजमा करावी. फिल्टर स्वच्छ असूनही कॉइलवर बर्फ धरत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संभव जाणून कारागिरास वर्दी द्यावी. मात्र गॅसगळतीचे ठिकाण शोधल्यावाचून नुसता गॅस भरून घेणे मला सर्वथा नामंजूर आहे.