हृदयाला शिवताना

मराठीत ‘शिवणे’ म्हणजे हात लावणं, आणि ‘शिवणे’ म्हणजे टाके घालणंही. हृदयाच्या बाबतीत सर्जनना हे दोन्ही शिवणं शतकानुशतकं वर्ज्य होतं. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं लिहून टाकलं, की निसर्गानं शस्त्रक्रियेला घालून दिलेली वेस बहुधा हीच; हृदयापुढे कोणतीही नवी पद्धत चालायची नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी सुरा लागलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो जगला! तरीही पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हृदयाला हात लागायचा तो बहुतेक वेळा नाइलाज झाला तरच.

मग दुसरं महायुद्ध आलं. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरच्या हिरव्या टेकड्यांत, स्टोवेल पार्क इथे, अमेरिकी लष्कराचं १६० क्रमांकाचं जनरल हॉस्पिटल होतं. तिथे ड्वाइट हार्केन नावाचा चौतिशीतला सर्जन काम करत होता. युरोपच्या रणभूमीवरून त्याच्याकडे पोरसवदा सैनिक यायचे, आणि त्यांतल्या काहींच्या छातीत, हृदयाला चिकटून किंवा थेट हृदयाच्या कप्प्यात, तोफगोळ्याचा तुकडा नाहीतर बंदुकीची गोळी असायची. हे लोक जिवंत कसे? हृदयाची भिंत म्हणजे जाड स्नायू. तुकडा लहान असला तर त्यानं पाडलेलं भोक स्नायू आवळून आणि रक्त गोठून बुजू शकतं.

पण आत राहिलेलं लोखंड निमूट बसत नाही. त्याच्याभोवती जंतू वाढतात. रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. शिवाय आपल्या काळजात गोळी आहे हे माहीत असलेल्या माणसाला रात्री झोप कशी लागावी, हा प्रश्न निराळाच.

हार्केननं आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. पहिल्या तुकडीतली सगळी कुत्री मेली, दुसरीतली निम्मी, तिसऱ्या तुकडीतल्या चौदांपैकी मात्र दोनच. या हिशेबाच्या भरवशावर त्यानं माणसाला हात घातला.

आता कल्पना करा. हृदय थांबवायची सोय नाही. मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलणारा पंप चालूच आहे, आणि त्याच्या भिंतीला चीर द्यायची आहे. तुकडा नेमका कुठे आहे हे एक्स-रेच्या पडद्यावर हलती सावली बघून ठरवायचं. जिथे कापायचं तिथे दोन्ही बाजूंना टाके आधीच घालून ठेवायचे, म्हणजे बटव्याची नाडी ओढावी तसे दोरे ओढले की चीर मिटते. मग कापायचं, चिमट्यानं तुकडा पकडायचा, काढायचा.

अशाच एका शस्त्रक्रियेची हकिगत हार्केननं पत्नीला पत्रातून कळवली होती. आतल्या दाबानं तो तुकडा बुचासारखा उडून बाहेर आला आणि पाठोपाठ रक्ताचा लोंढा. मदतनिसांनी दोरे ओढले, हार्केननं भोकावर बोट दाबलं. लोंढा थांबला. मग बोट तसंच ठेवून त्याखालून त्यानं सुई एका बाजूनं आत, दुसरीकडून बाहेर काढली, चार वेळा. गाठी मारत बोट उचलायला गेला, तर बोट सुटेना! एक टाका हातमोज्यातून गेला होता. सर्जन रुग्णाच्या हृदयालाच शिवला गेला होता. मोजा कापून त्याला सोडवावं लागलं.

हार्केननं छातीच्या मध्यभागातून, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आसपासहून, असे १३४ तुकडे काढले. त्यांतले १३ हृदयाच्या कप्प्यांमधून. एकही रुग्ण दगावला नाही. आकडा थक्क करणारा आहे, पण तो वाचताना एक भान ठेवायला हवं. हृदयाला गोळी लागलेले बहुतेक सैनिक रणांगणावरच संपत; इंग्लंडपर्यंत पोहोचले ते चिवटातले चिवट, आणि तरुण. शिवाय पेनिसिलीन आलं होतं, रक्ताच्या बाटल्या होत्या आणि श्वासनलिकेत नळी घालून दाबानं हवा भरणारी भूल होती. माझ्या मते या सगळ्यात खरी करामत त्या नळीची. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुफ्फुस फुग्यासारखं चेपून जातं. नळीतून दाबानं हवा दिली तरच ते फुगलेलं राहतं. तेवढं साधलं नसतं तर हृदयापर्यंत पोहोचून तरी काय उपयोग?

युद्ध संपल्यावर मात्र प्रश्न उरला: निरोगी हृदय सुरी सोसतं, मग आजारी हृदय? रुमॅटिक फीवरनंतर हृदयातली मिट्रल झडप आखडून तिचं तोंड अरुंद होतं. आपल्याकडेही याचे रुग्ण काही कमी नाहीत. जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी आणि सहाच दिवसांनी बॉस्टनमध्ये हार्केननं ही झडप धडधडत्या हृदयात हत्यार घालून मोकळी केली. पुढे कित्येक सर्जन अशी झडप बोटानंच उघडत. डोळ्यांना काही दिसायचं नाही. जे कळायचं ते बोटाच्या टोकाला.

हृदय आणि फुफ्फुसांचं काम यंत्रावर सोपवून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केली. स्टोवेल पार्कमधली हार्केनची ती माणसं त्याच्या कितीतरी आधी घरी पोहोचली होती.