चाकूच्या बुडाशी कोरलेली ओळख

जुन्या ट्रंकेतून चाकू निघाला, की त्याच्याबरोबर एक गोष्टही निघते. आमच्या घरची गोष्ट अशी : आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, हा मिटणारा चाकू तेव्हाचा आणि त्याला जोडलेलं जाड दाभण घोड्याच्या टापेतले खडे काढण्यासाठी. धाकट्या भावाला तो पॉलिशपेपरनं लख्ख घासायचा होता. मी म्हटलं, आधी चाकूलाच विचारू.

मंडळी, चाकूची ओळख पात्याच्या बुडाशी असते. मुठीजवळच्या बिनधारेच्या चपट्या भागावर कारखान्याचं नाव, गाव, कधी सालही ठोकलेलं असतं. गंजानं अक्षरं बुजली असतील, तर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी. मुलं नाण्याचा छाप घेतात, तसा. आमच्या कागदावर 'शेफील्ड', '१९४२' आणि बाणाचं टोक उमटलं. शेफील्ड हे इंग्लंडमधलं चाकूसुऱ्यांचं नामांकित शहर. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर असे.

साल नसेल, तर पोलाद बोलतं. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्ये न गंजणारं पोलाद तयार केलं ते १९१३ साली. त्यामुळे पात्यावर 'स्टेनलेस' असा ठसा असेल, तर तो चाकू त्याआधीचा नव्हे.

आता दाभण. घोड्याची गोष्ट खुमासदार खरी, पण हे मुळात खलाशांचं साधन. दोरखंडाचे पेड उकलायला, आवळलेली गाठ सोडवायला त्याचा उपयोग. तंबू ठोकणाऱ्या शिपायालाही ते हवंच.

मग आजोबा फौजेत होते हे ठरलं का? नाही. युद्धानंतर शिलकी फौजी सामान बाजारात विकलं गेलं. चाकू कधी आणि कोणासाठी घडला, एवढंच ठसा सांगतो. तो कोणाच्या हाती होता हे नाही. त्यासाठी डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक किंवा सेवा क्रमांक लागतो. पलटणीच्या अभिलेख कार्यालयात विचारणा करायची ती या क्रमांकावरून.

आमच्याकडे कागद एकही नाही. पण मुठीवर सुईनं ओरखडल्यासारखे पाच बारीक आकडे आहेत. सेवा क्रमांक असेल, तर आजोबांच्या नोकरीचा तेवढाच धागा उरला आहे. पॉलिशपेपरच्या चार हातांत तो पुसला गेला असता. म्हणून जुनी वस्तू सापडली, की मऊ फडकं, थेंबभर मशीनचं तेल, एवढंच करा. चकाकी नंतरही आणता येते. गेलेला आकडा परत आणता येत नाही.