उंबरठ्याबाहेर थांबणारं औषध

जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यात लेंडी नदी खाली झेपावते, तिला कुणी ढकलावं लागत नाही. पोटातल्या अन्नाचं तसं नाही. आतड्याच्या भिंतीतल्या कोट्यवधी चेतापेशी त्याला टप्प्याटप्प्यानं पुढे रेटतात, आणि मॉर्फिन नेमकं त्यांनाच गप्प करतं!

वेदना शमवताना मॉर्फिन मेंदूतल्या ज्या ‘म्यू’ ग्राहींना चिकटतं, तेच ग्राही आतड्यातही असतात. मग हालचाल मंदावते, पाचकरस आटतात, मळ खडा होतो. गुंगी, मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. आतडं मात्र मॉर्फिनला सरावत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबरच रेचक सुरू करायचं. आपली सोनामुखी इथे कामी येते. इसबगोल नको: ते पोटात फुगतं, आणि पुढे सरकवणारं कुणी जागं नसतं.

रेचकांनी भागलं नाही तर? शिकागो विद्यापीठातले लिऑन गोल्डबर्ग यांचा एक मित्र कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत बद्धकोष्ठाला इतका कंटाळला, की मॉर्फिनच नको म्हणू लागला. १९७९च्या सुमारास गोल्डबर्ग मिथाइलनालट्रेक्सोनकडे वळले. नालट्रेक्सोन मॉर्फिनला ग्राहीवरून हुसकावतं, पण मेंदूतूनही; म्हणजे वेदना परत. त्याच्या नायट्रोजनला एक मिथाइल गट जोडला, की रेणूवर कायमचा धन विद्युतभार येतो, आणि तसला रेणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांची स्निग्ध भिंत सहजी ओलांडत नाही. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! आतडं सुटतं, वेदनाशमन टिकतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या इंजेक्शननंतर ४ तासांत ४८ टक्के रुग्णांना शौचाला झालं. नुसत्या नावाचं औषध मिळालेल्यांत १५ टक्क्यांना.

अशा गंभीर आजाऱ्यांना ते त्वचेखाली, दिवसाआड देतात. वजन ३८ ते ६२ किलो असेल तर ८ मिलिग्रॅम, त्यापुढे ११४ किलोपर्यंत १२. आजारानं वाळून ३० किलोवर आलेला माणूस या कोष्टकात बसतच नाही. त्याचा हिशेब किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार. मूत्रपिंडं बरीच थकली असतील तर मात्रा निम्मी.

त्याआधी मात्र डॉक्टरांना एक खात्री करावी लागते: आतडं नुसतं सुस्तावलंय, की गाठीनं वाट अडलीय? वाट बंद असेल तर हे औषध द्यायचंच नाही, कारण जागं झालेलं आतडं अडथळ्यावर जोर लावतं आणि फाटू शकतं.